स्थलनिर्देशक नकाशे आणि नगरेतिहास

भूपृष्ठाचा उंचसखलपणा, जलप्रवाह, वनस्पती, शेतजमीन, वस्ती, मार्ग व ठळक वास्तू ही सर्व ठरावीक प्रमाणावर आणि ठरावीक सांकेतिक चिन्हांनी एकत्र दाखविणाऱ्या नकाशास स्थलनिर्देशक नकाशा म्हणतात. असे नकाशे मुख्यतः सैन्याच्या हालचाली, महसूल, मार्गबांधणी व पाटबंधारे यांच्या सोयीसाठी तयार करण्यात आले. इतिहासलेखनाचा हेतू त्यांमागे नव्हता. तथापि एकाच प्रदेशाचे निरनिराळ्या काळी काढलेले नकाशे शेजारीशेजारी ठेवून पाहिले असता त्या प्रदेशात झालेले फेरबदल जितके स्पष्ट दिसतात, तितके ते लिखित कागदपत्रांत क्वचितच दिसतात. सनदा, निवाडे, जमाखर्च व पत्रव्यवहार यांत माणसांमधील व्यवहारांची नोंद होते; ओढा कोठून वाहत होता, गावठाणाच्या बाहेर किती रान मोकळे होते किंवा दोन पेठांमध्ये उतार केवढा होता, हे लिहून ठेवण्याची गरज त्या काळी कोणास वाटली नाही, कारण ते सर्वांच्या डोळ्यांसमोर होते. ते डोळ्यांआड झाल्यावर जुना नकाशा हाच त्याचा एक प्रमुख पुरावा उरतो.

अशा अभ्यासाची पद्धत प्रथम यूरोपात विकसित झाली. ग्रेट ब्रिटनमधील ऑर्डनन्स सर्व्हे या संस्थेची स्थापना १७९१ मध्ये झाली आणि एक मैलास एक इंच या प्रमाणावरील तिचा पहिला नकाशा, केंट परगण्याचा, १८०१ मध्ये प्रसिद्ध झाला. याच संस्थेने १९२० मध्ये ओ. जी. एस. क्रॉफर्ड यांची पुरातत्त्व अधिकारी म्हणून नेमणूक केली. प्राचीन अवशेषांची नकाशांवरील नोंद त्यांनी शास्त्रशुद्ध केली. डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांचा इंग्लंडच्या भूदृश्याच्या घडणीविषयीचा ग्रंथ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर शेतांचे बांध, वाटांची वळणे आणि गावांच्या सीमा यांकडे ऐतिहासिक साधने म्हणून पाहण्याची दृष्टी स्थानिक इतिहासाच्या हौशी अभ्यासकांपर्यंत पोहोचली. भारतात या दिशेने झालेले काम त्यामानाने तुटपुंजे आहे. नकाशांचा तुटवडा हे त्याचे एक कारण होय. पण नकाशा हे भूगोलाचे साधन आणि कागदपत्र हे इतिहासाचे, अशी आपल्याकडील शिक्षणात झालेली वाटणीही त्यास तितकीच कारणीभूत आहे.

महाराष्ट्रातील सर्वेक्षण : मराठेशाहीतही मोडी लिपीतील नकाशे काढले जात. त्यांत दिशा व अंतरे यांपेक्षा ठिकाणांचा अनुक्रम आणि महत्त्व यांवर भर असे. मोजणीवर आधारलेल्या नकाशांचे युग ब्रिटिश अमदानीत सुरू झाले. सर्व्हे ऑफ इंडिया (भारतीय सर्वेक्षण विभाग) या संस्थेचा आरंभ १७६७ चा. विल्यम लॅम्टन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून त्रिकोणीकरणास प्रारंभ केला. पेशवाईच्या अस्तानंतर (१८१८) हे काम मुंबई इलाख्यातही पसरले. त्याच्याच जोडीने पण स्वतंत्रपणे महसुली मोजणी झाली. प्रिंगल यांची १८२८ च्या सुमाराची मोजणी फसल्यावर गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५-३६ पासून इंदापूर तालुक्यात नव्याने काम हाती घेतले व तीच पद्धत पुढे रूढ झाली. तिच्यातून निघालेले गावनकाशे हे स्थलनिर्देशक नकाशांचे पूरक होत : पहिल्यात सर्व्हे नंबर, शीव, बांध आणि पाणंदी दिसतात, पण उंचसखलपणा नसतो, दुसऱ्यात डोंगरउतार दिसतात, पण कोणाचे शेत कोठे संपते ते कळत नाही. नगरेतिहासाच्या अभ्यासकास दोन्ही लागतात.

एकोणिसाव्या शतकातील पत्रकांत डोंगर उतारदर्शक तुटक रेषांनी छायांकित केलेले असत. ते दिसण्यास सुबक असले, तरी त्यांवरून निश्चित उंची काढता येत नाही. १९०४-०५ च्या सर्वेक्षण समितीच्या शिफारशींनंतर एक मैलास एक इंच (१:६३,३६०) या प्रमाणावरील, समोच्च रेषा असलेली रंगीत पत्रके काढण्याचा कार्यक्रम आखण्यात आला. स्वातंत्र्योत्तर काळात दशमान पद्धतीच्या स्वीकारानंतर त्यांची जागा १:५०,००० प्रमाणाच्या पत्रकांनी घेतली. पत्रकांची क्रमांकपद्धती मात्र बराच काळ तीच राहिली. चार अंश लांबीरुंदीच्या चौकोनास एक अंक, त्याच्या सोळा भागांस ए ते पी ही अक्षरे आणि प्रत्येक अक्षरखंडाच्या सोळा भागांस पुन्हा १ ते १६ हे अंक दिलेले असतात. १६° ते २०° उ. अक्षांश आणि ७२° ते ७६° पू. रेखांश यांमधील प्रदेश ४७ या अंकाखाली येतो व पश्चिम महाराष्ट्राचा बराच मोठा भाग त्यात समाविष्ट होतो.

पत्रकाचे वाचन : पत्रक उघडताच नकाशाकडे न वळता प्रथम समास वाचावा. तेथे प्रमाण, समोच्च रेषांमधील अंतर, चुंबकीय उत्तर दिशेचा फरक आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सर्वेक्षणाचे वर्ष व प्रकाशनाचे वर्ष दिलेले असते. या दोहोंत पुष्कळदा मोठे अंतर असते. पुनर्मुद्रणाच्या वेळी सर्व प्रदेश पुन्हा मोजला जात नसे. अनेकदा केवळ रस्ते व लोहमार्ग तेवढे दुरुस्त केले जात. त्यामुळे एकाच पत्रकावर नवा रस्ता आणि त्याच्या कडेची वीस वर्षांपूर्वीची घरे एकत्र नांदताना दिसतात. छापील वर्षावर विसंबून एखादी वस्ती ‘अमुक सालापर्यंत झालेली नव्हती’ असा निष्कर्ष काढणे हा या क्षेत्रातील सर्वांत सामान्य प्रमाद होय.

रंगीत पत्रकांत वस्ती व रस्ते तांबड्या, लागवडीची जमीन पिवळ्या, वने हिरव्या, समोच्च रेषा तपकिरी आणि पाणी निळ्या रंगात दाखवितात. पावसाळ्यापुरतेच वाहणारे प्रवाह काळ्या रेषेने काढतात. विहिरी, देवळे, मशिदी, ईदगाह, थडगी, तटबंदी, डाकबंगले, पोलीस चौक्या यांस स्वतंत्र खुणा आहेत. दख्खनच्या पठारावरील गावाचे चित्र बहुधा ठरलेले असते : ओढ्याच्या अथवा नदीच्या उंच काठावर तांबड्या ठिपक्यांचा पुंजका, त्यातून चारी दिशांना फुटणाऱ्या वाटा, काठालगत देऊळ आणि थोड्या अंतरावर विहिरींची रांग. पुढे हे गाव शहराने गिळले, तरी पुंजका आणि वाटा सहसा पुसल्या जात नाहीत. आखीव रस्त्यांच्या जाळ्यात एखादाच रस्ता विनाकारण वळणे घेत गेलेला दिसला, तर तो पूर्वीची पाणंद किंवा दोन गावांची शीव असण्याचा संभव असतो आणि गावनकाशाशी पडताळून पाहता तसे सिद्धही होते.

पुण्याचे उदाहरण : या पद्धतीचे स्वरूप एखाद्या शहराच्या आधारेच नीट समजते. पुण्याइतकी विपुल लिखित साधने महाराष्ट्रात अन्य शहरास क्वचितच लाभली असतील. पेशवे दप्तर तेथे आहे, भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून तेथे कार्य करीत आहे आणि मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचे पुण्यावरील तीन भाग १८८५ मध्ये प्रसिद्ध झाले. असे असूनही नकाशांतून या शहराविषयी जे कळते, ते त्या साधनांत विखुरलेल्या रूपातच आढळते [⟶ पुणे शहर].

प्रथम एक योगायोग नोंदविणे आवश्यक आहे. जुन्या क्रमांकपद्धतीनुसार पुणे शहर ४७ एफ/१४ आणि ४७ एफ/१५ या दोन पत्रकांत विभागले गेले आहे. त्यांची सामाईक कड असलेले १८° ३०′ उ. अक्षवृत्त सारसबाग व पर्वतीची टेकडी यांच्या दरम्यानून जाते. परिणामी शनिवारवाडा, कसबा, सर्व पेठा, लष्कर व खडकी उत्तरेकडील पत्रकात, तर पर्वती आणि तिच्या दक्षिणेचा कात्रजच्या डोंगरापर्यंतचा सर्व उतार दुसऱ्या पत्रकात पडतो. शहराचे पत्रक म्हणून जो केवळ पहिले पत्रक घेतो, त्यास शहर दिसते. शहरात येणारे पाणी कोठून येते, ते दिसत नाही.

जुने पुणे मुठा नदीच्या उजव्या काठावर, दोन ओढ्यांच्या दरम्यान वसले. पूर्वेस नागझरी आणि नैर्ऋत्येस आंबिल ओढा. नागझरी ही दीर्घकाळ वस्तीची पूर्व सीमा होती. रास्ता, नाना, भवानी या पेठा तिच्या पलीकडे नंतर वसल्या. तिच्याही पूर्वेस माणिक नाला आणि त्यापलीकडे ब्रिटिश लष्कराची छावणी. शहर पूर्वेकडे सरकले ते असे एकेक प्रवाह ओलांडून. आजच्या पुण्यात नागझरी पूल, भिंती व इमारती यांच्या आड बऱ्याच ठिकाणी दिसेनाशी झाली आहे आणि तेथून नित्य जाणाऱ्यांसही आपण एक सीमा ओलांडत आहोत हे जाणवत नाही. जुन्या पत्रकावर मात्र नागझरीची रेषा वस्तीच्या तांबड्या रंगाला मधोमध छेदून जाते.

कसबा आणि पेठा यांच्या रचनेतील भेदही मोठ्या प्रमाणावरील नगरनकाशात स्पष्ट होतो. कसब्यातील गल्ल्या वाकड्यातिकड्या व नदीच्या उताराला धरून आहेत; त्याच्या दक्षिणेकडील पेठांतील मुख्य रस्ते बरेचसे सरळ व दक्षिणोत्तर आहेत. म्हणजे पहिली वस्ती हळूहळू वाढलेली व दुसरी आखून वसविलेली. पेठांची वारांवरून पडलेली नावे पेशवेकालीन आहेत, पण त्यांतील काही पेठा त्यापूर्वीच्या असून त्यांची नावे वेगळी होती. शनिवार पेठेचे मुर्तझाबाद, रविवारचे मलकापूर, सोमवारचे शहापूर, मंगळवारचे अस्तपुरा. ही नावे कागदपत्रांत टिकली. इंग्रजी पत्रकांत ती आढळत नाहीत. नकाशा काढणाऱ्याने आपल्या काळी कानावर आलेले नाव घेतले, एवढाच त्याचा अर्थ.

आंबिल ओढ्याचा इतिहास अधिक गुंतागुंतीचा व आजच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. हा ओढा कात्रजच्या डोंगरात उगम पावून उत्तरेकडे वाहतो. पूर्वी तो शहरातून वाहत जाऊन मुठेस मिळत असे. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दीत (१७४०–६१) त्यावर दोन ठिकाणी मोठी कामे झाली. कात्रज येथे बांध घालून तलाव करण्यात आले व तेथून भूमिगत नळाने शहरातील हौदांत पाणी आणण्यात आले. आणि पर्वतीच्या पायथ्याशी तळे बांधून ओढ्याचा प्रवाह पश्चिमेकडे वळविण्यात आला. तेव्हापासून तो आजच्या दांडेकर पुलाखालून दत्तवाडीकडे वळतो व लकडी पुलाच्या वरच्या अंगास मुठेला मिळतो. ओढा दूर गेल्यामुळे शहराच्या नैर्ऋत्य अंगास वस्तीसाठी जागा मोकळी झाली, असे अनुमान काढता येते. सदाशिव पेठेकडील वाढ त्याच्याशी सुसंगत आहे.

पर्वतीच्या तळ्यातील बेटावर गणपतीचे देऊळ होते. ‘तळ्यातला गणपती’ हे नाव अद्याप रूढ आहे, परंतु तळे नाही. विसाव्या शतकात ते नाहीसे होऊन तेथे सारसबाग झाली. तळे असतानाच्या नकाशांत जेथे पाणी व त्यातील बेट दिसते, तेथे उत्तरकालीन पत्रकांत उद्यानाचा हिरवा रंग दिसतो. बदल केवळ रंगाचा नाही. तळे हे पुराचे पाणी सामावून घेणारे विस्तीर्ण पात्र होते. ते गेल्यावर ओढ्याच्या पाण्यास थबकण्याची एक जागा गेली.

कात्रजच्या नळाची गोष्ट याच्या उलट आहे. तो जमिनीखालून जात असल्याने सर्वसाधारण स्थलनिर्देशक पत्रकांवरून त्याचा माग लागत नाही. नळाच्या मार्गावर ठराविक अंतराने बांधलेले उच्छ्‌वास आणि फडके हौद, बदामी हौद, पंच हौद यांसारखी स्थलनामे जोडून त्याची दिशा कळते. नळाची संपूर्ण वाट उताराने गेली आहे, म्हणून कात्रज व शहर यांमधील समोच्च रेषा पाहिल्या की तो कोणत्या पट्ट्यातूनच जाऊ शकला असता, हेही सांगता येते. न दाखविलेली गोष्ट नकाशावरून शोधण्याचे हे एक चांगले उदाहरण होय.

समोच्च रेषांचा याहून सोपा धडा मुठा उजव्या कालव्यावरून मिळतो. खडकवासला धरणाचे काम १८६९ च्या सुमारास सुरू होऊन १८७९-८० मध्ये पूर्ण झाले. त्याचा कालवा पर्वतीच्या बाजूने शहराच्या दक्षिण अंगाने हडपसरकडे गेला आहे. कालवा हा स्वभावतःच समोच्च रेषेस जवळजवळ समांतर जातो. त्यामुळे त्याच्या खालच्या बाजूची जमीन भिजते, वरची कोरडी राहते. एका रेषेने जमिनीचे असे दोन भाग झाले. हडपसर, मांजरी येथील बागायत त्या रेषेच्या खाली वाढली आणि शहराची दक्षिण सीमाही अनेक दशके कालव्यापाशीच रेंगाळली. तो ओलांडून वस्ती मोठ्या प्रमाणावर गेली ती विसाव्या शतकाच्या मध्यानंतर.

लोहमार्गाने शहराचा तोल वेगळ्या तऱ्हेने बदलला. खंडाळा ते पुणे हा मार्ग १८५८ मध्ये वाहतुकीस खुला झाला. बोरघाट चढून मुंबईशी सलग जोडणी १८६३ मध्ये झाली. स्थानकाची जागा पाहता ते पेठांपेक्षा लष्कराला व संगमाजवळच्या कचेऱ्यांना अधिक सोयीचे होते, हे नकाशावर मोजपट्टी ठेवताच कळते. शहर आणि छावणी यांतील भेद पत्रकाच्या रेखनातही उतरला आहे. छावणीतील बंगले एकेक करून, आवारासह दाखविलेले; पेठांतील हजारो घरे मात्र तांबड्या रंगाचा एक अखंड डाग. चित्रण करणाऱ्याची दृष्टी कोणत्या बाजूस होती, हे सांगण्यास वेगळ्या पुराव्याची गरज नाही.

मुठेच्या पश्चिम काठावर जुन्या पत्रकांत भांबुर्डे व एरंडवणे ही गावे आणि त्यांच्या दरम्यान शेते दिसतात. शहरापासून नदीच्या रुंदीएवढ्या अंतरावर असलेला हा भाग इतका काळ मोकळा राहिला, याचे उत्तर पुलांच्या खुणांत आहे. शहरालगत ओलांडण्यास दीर्घकाळ लकडी पूलच काय तो होता. मूळच्या लाकडी पुलाची जागा दगडी पुलाने घेतली, नाव तेवढे टिकले. भांबुर्ड्याच्या समोरचा नवा पूल १९२३ मध्ये झाला. फर्ग्युसन महाविद्यालय, शेतकी महाविद्यालय, डेक्कन जिमखाना (१९०६) यांसारख्या संस्थांनी या बाजूस जागा घेतल्या, त्या तेथे जमीन मुबलक होती म्हणून; दाट वस्ती मागाहून आली. भांबुर्ड्याचे आज शिवाजीनगर झाले आहे. पवनेकाठच्या पिंपरी-चिंचवडचे स्थित्यंतर याहून वेगवान. हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची स्थापना १९५४ मध्ये होण्यापूर्वीच्या पत्रकांत ही दोन साधी खेडी आहेत. १९७० मध्ये तेथे नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली.

लढायांच्या अभ्यासातही पत्रकांचा उपयोग होतो. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी झालेल्या खडकीच्या लढाईत गणेशखिंडीकडून आलेल्या मराठी घोडदळाचा हल्ला ब्रिटिश फळीसमोरील दलदलीमुळे विस्कळीत झाला, असे वृत्तांतांत नमूद आहे. सपाट दिसणाऱ्या त्या मैदानात दलदल कोठली, असा प्रश्न वाचकास पडतो. पत्रकावर तेथील मंद उतार आणि मुळेकडे जाणारे छोटे प्रवाह पाहिले की पावसाळ्यानंतर लगेचच्या दिवसांत तेथे पाणी का साचत असावे, याचा उलगडा होतो. दलदलीची नेमकी जागा मात्र एवढ्यावरून निश्चित करणे धाडसाचे ठरेल.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले व त्या लोंढ्याने खडकवासला धरणही फुटून मुठेला महापूर आला. कसबा, शनिवार, नारायण इ. पेठांचा नदीकाठचा भाग आणि पलीकडील डेक्कन जिमखान्याचा परिसर पाण्याखाली गेला. हजारो कुटुंबे बेघर झाली. या घटनेच्या अगोदरची व नंतरची पत्रके पाहता शहराच्या इतिहासातील ही एक दुभंगरेषा आहे हे ध्यानात येते : नदीकाठच्या जुन्या वाड्यांचा पट्टा विरळ झाला आणि गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर, दत्तवाडी येथे पूरग्रस्तांच्या नव्या वसाहती उभ्या राहिल्या. त्यांची ठिकाणे नदीच्या पुरापासून दूर व उंच निवडलेली होती. तथापि सहकारनगर व दत्तवाडी हे भाग आंबिल ओढ्याच्याच खोऱ्यात येतात. त्या वेळी ओढा किरकोळ होता. त्याच्या वरच्या अंगास, कात्रजपर्यंत, मुख्यतः शेते व मोकळे उतार होते आणि पावसाचे पुष्कळसे पाणी जमिनीत मुरत असे. पुढील अर्धशतकात तो सर्व उतार घरांनी व रस्त्यांनी झाकला गेला, पात्र ठिकठिकाणी आवळले गेले. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री झालेल्या अतिवृष्टीत आंबिल ओढ्याला अचानक मोठा पूर आला. अरण्येश्वर, सहकारनगर इ. भागांत भिंती पडून व पाणी शिरून अनेकांचे प्राण गेले. ४७ एफ/१५ च्या जुन्या पत्रकात ओढ्याच्या सर्व शाखा, त्यांच्या उगमापासून, रेखलेल्या आहेत. त्या शाखांच्या वाटा आजच्या नगरनकाशावर उतरविल्यास त्यांतील कोणत्या रस्त्यांखाली व कोणत्या इमारतींखाली आल्या, हे कोणाही अभ्यासकास एका बैठकीत पडताळता येते.

मर्यादा : नकाशाचा पुरावा नेमका असला, तरी निर्दोष नसतो. पहिली मर्यादा प्रमाणाची. १:५०,००० या प्रमाणावर एक सेंमी. म्हणजे अर्धा किलोमीटर. दोनशे मीटर लांबीची तटबंदीही येथे अवघी चार मिमी. भरते. एक इंची पत्रकांत समोच्च रेषांमधील अंतर सामान्यतः ५० फूट व दशमान पत्रकांत २० मी. असल्याने पाचदहा फूट खोलीचा बुजलेला ओढा त्यांत उमटत नाही. आंबिल ओढ्याचे पेशवाईपूर्व पात्र शोधणाऱ्याने या रेषांवर विसंबू नये. त्यासाठी मोठ्या प्रमाणावरील नगर भूमापनाचे नकाशे व प्रत्यक्ष पातळीमापनच हवे.

दुसरी अडचण जुळणीची. एकोणिसाव्या शतकातील पत्रकांचे रेखांश मद्रास वेधशाळेच्या तत्कालीन मूल्यावर आधारलेले होते व त्यांत सुमारे अडीच मिनिटांची चूक होती. पुण्याच्या अक्षवृत्तावर ती सु. ४.४ किमी. होते. नंतरची पत्रके एव्हरेस्ट गोलाभावर रचलेली असून उपग्रहाधारित सध्याच्या प्रणालीशी ती शंभर मीटरांच्या आसपास सरकलेली दिसतात. हा फरक लक्षात न घेता संगणकावर जुने व नवे नकाशे एकावर एक ठेवले की देऊळ नदीत आणि विहीर रस्त्यात येते. म्हणून जुळणीसाठी अक्षांश-रेखांशांपेक्षा न हललेल्या वास्तू घ्याव्यात. पुण्यापुरते बोलावयाचे, तर पर्वतीचे शिखर, लोहमार्गाचा पूल व संगम हे बिंदू समाधानकारक ठरतात.

तिसरी मर्यादा नावांची आहे. पत्रकांतील नावे रोमन लिपीत असल्याने ड व द, ळ व ल, ऱ्हस्व व दीर्घ यांतील भेद पुसले जातात. रोमन लेखनावरून वडगाव की वाडगाव हे ठरविता येत नाही, आणि एकाचे नाते वडाशी तर दुसऱ्याचे वाड्याशी असू शकते. ओढा, ओहोळ, नाला, झरा यांतील भेद शेतकऱ्यास नीट कळत असला, तरी मोजणीदाराने बहुधा सरसकट ‘नाला’ लिहिला. स्थलनामांचा अभ्यास करणाऱ्याने म्हणून महसुली दप्तर व गावातील उच्चार यांनाच प्रमाण मानावे आणि पत्रकास केवळ ठिकाणाचा साक्षीदार समजावे.

याशिवाय नकाशात काय नाही, याचाही विचार करावा लागतो. देवळाची खूण असते, पण ते कोणाचे हे नेहमी कळत नाही. गावकुसाबाहेरची वस्ती निराळी दाखविलेली असते, पण ती बाहेर का होती हे पत्रक सांगत नाही. भाडेकरू, कारागीर, स्थलांतरित मजूर यांची नोंद त्यात असणे शक्यच नाही. ती उणीव शिरगणतीचे अहवाल, गॅझेटिअर, नगरपालिकेची दप्तरे आणि वृद्ध रहिवाशांच्या आठवणी यांनी भरून काढावी लागते. पुण्याच्या बाबतीत गोखले अर्थशास्त्र संस्थेने धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली केलेली सामाजिक-आर्थिक पाहणी (दोन भाग, १९४५ व १९५२) या दृष्टीने उपयुक्त आहे.

उपलब्धता : संरक्षणाच्या कारणास्तव स्थलनिर्देशक पत्रकांवर दीर्घकाळ निर्बंध होते, विशेषतः सीमावर्ती व किनारी प्रदेशांच्या. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानुसार संरक्षण मालिका व खुली मालिका असे दोन विभाग करण्यात आले. खुल्या मालिकेचे प्रक्षेपण व क्रमांक जुन्या पत्रकांपेक्षा वेगळे आहेत. २०१७ पासून ही पत्रके विनामूल्य मिळू लागली आणि फेब्रुवारी २०२१ मधील मार्गदर्शक तत्त्वांनी भूस्थानिक माहितीवरील बरेच निर्बंध उठविले. तथापि या सवलती प्रामुख्याने नव्या पत्रकांपुरत्या आहेत. एकोणिसाव्या व विसाव्या शतकांच्या पूर्वार्धातील पत्रके सर्वेक्षण विभाग, राष्ट्रीय अभिलेखागार, लंडन येथील ब्रिटिश लायब्ररी आणि काही विद्यापीठांचे भूगोल विभाग यांच्याकडे विखुरलेली आहेत. अमेरिकेच्या सैनिकी नकाशा सेवेने १९५० च्या दशकात १:२,५०,००० प्रमाणावर काढलेली भारताची मालिका सहज उपलब्ध आहे. एका शहराच्या अभ्यासास तिचे प्रमाण अपुरे पडते, परंतु परिसरातील गावे व मार्ग यांसाठी ती चालते. महाविद्यालयांच्या भूगोल विभागांत विद्यार्थ्यांच्या सरावासाठी घेतलेली जीर्ण एक इंची पत्रके नवी आल्यावर रद्दीत जाण्याची भीती असते. सर्वेक्षणाचे वर्ष असलेला समास शाबूत असेल, तर असे पत्रक चुरगळलेले वा डागाळलेले असले तरी जपून ठेवण्याजोगे असते; समास कापून चौकटीत बसविलेल्या प्रतीचा मात्र इतिहासास फारसा उपयोग नाही.